वॉलीचा पडका मठ ते पेंडल हिल : गटाने केलेली पायी भटकंती

रानवाट

मँचेस्टर, बोल्टन, प्रेस्टन, ब्लॅकबर्न या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना पेंडल हिल नवा नाही. लँकेशरमधला हा एकटा, लांबट डोंगर, उंची ५५७ मीटर. बहुतेक जण बार्ली गावात गाडी लावतात, दगडी पायऱ्यांनी तास-सव्वा तासात वर जातात, फोटो काढतात आणि उतरतात. धागा काढला तो एवढं सांगायला की एकदा तरी वॉलीच्या पडक्या मठापासून चालत पेंडल चढा. मठ आणि डोंगर या दोन वेगळ्या सहली नाहीत. मठात सुरू झालेली गोष्ट डोंगरात जाऊन संपते, आणि मधली वाट पायाखालून गेल्याशिवाय ते जाणवत नाही.

आम्ही यंदा मे महिन्यात बराच मोठा गट घेऊन गेलो. शाळकरी मुलं होती, पुण्याहून लेकीकडे आलेले आजी-आजोबा होते, सह्याद्रीत उमेदीची वर्षं घालवलेले काही जण होते. मँचेस्टर व्हिक्टोरियाहून बोल्टन-ब्लॅकबर्नमार्गे क्लिदरोला जाणारी गाडी वॉलीला थांबते. स्टेशनात शिरण्याआधी ती कॉल्डर नदीवरच्या विटांच्या पुलावरून जाते. १८५० साली पुरा झालेला हा पूल: अठ्ठेचाळीस कमानी, सत्तर लाखांवर विटा. गाडीत बसून त्याची भव्यता कळत नाही, खाली उतरून मठाकडे चालायला लागलं की कळते. मठाजवळून जाणाऱ्या मोजक्या कमानींना बांधणाऱ्यांनी मुद्दाम मठाच्या शैलीची टोकदार नक्षी दिली आहे. रेल्वे कंपनीने तीनशे वर्षांपूर्वी पडलेल्या इमारतीचा एवढा मान राखावा, हे मला फार आवडलं.

आता मठ. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे पांढऱ्या झग्यातले साधू आधी मर्सी नदीच्या मुखाजवळ स्टॅनलोला राहत. तिथे पुराच्या पाण्याने हैराण होऊन १२९६ साली ते इथे आले. पुढची सुमारे दीडशे वर्षं बांधकाम चाललं होतं. आज दोन दिमाखदार वेशी उभ्या आहेत, ओवऱ्यांच्या भिंती आहेत, सभागृहाच्या दाराच्या कमानी आहेत. पण मुख्य चर्च, सगळ्यात मोठी आणि उंच इमारत, तिचा फक्त पाया उरला आहे. हिरवळीत खांबांच्या जागा तेवढ्या दिसतात. मुलांना आम्ही त्या पायावरून चालायला लावलं: इथे दार, इथे वेदी, इथून साधू रांगेने आत येत. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला मुलांना किती वेळ लागला ते पाहून मोठेही गप्प झाले.

१५३६ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद करायला सुरुवात केली तेव्हा इंग्लंडच्या उत्तर भागात बंड झालं. वॉलीचे शेवटचे मठाधिपती जॉन पास्लू यांच्यावर त्या प्रकरणात राजद्रोहाचा आरोप आला आणि मार्च १५३७ मध्ये लँकेस्टरला त्यांना मृत्युदंड झाला. मठ राजाने जप्त केला. पुढे जमीन विकली गेली, आवारात खासगी वाडा उठला.

मठातून निघाल्यावर लगेच डोंगराकडे वळू नका. शेजारच्या गावचर्चमध्ये जा. मठाच्या चर्चमधली कोरीव लाकडी आसनं मठ पडल्यावर इथे आली आणि अजून वापरात आहेत. आसनांच्या खालच्या बाजूला जे कोरीव काम आहे ते पाहायला गुडघे टेकून वाकावं लागतं. बाहेर आवारात तीन सॅक्सनकालीन दगडी क्रूस आहेत. मठाहूनही कितीतरी जुने.

वाट थोडक्यात सांगते. गाव ओलांडून स्प्रिंग वूडच्या झाडीत शिरायचं, तिथून क्लर्क हिलच्या बाजूने विझवेल मूरवर चढायचं आणि निक ऑफ पेंडल या खिंडीत उतरायचं. सॅब्डनहून क्लिदरोकडे जाणारा रस्ता इथे डोंगर ओलांडतो. रस्ता पार केला की खरा मूर सुरू होतो. मूर म्हणजे उंचावरचं उघडं, ओलं माळरान: गवत, हेदर, बिलबेरीची झुडपं आणि पायाखाली पीट, म्हणजे हजारो वर्षं न कुजता साठलेल्या वनस्पतींचा काळा, पाण्याने फुगलेला थर. चढ असा फार नाही. पण वारा अडवायला एक झाड नाही, आणि माथा दिसतो तिथे माथा नसतो, पुढे आणखी सपाटी असते. ऑग्डन क्लफची घळ डोळ्यांसमोर ठेवून तिच्या कडेने चढत गेलं की पठारावर येतो आणि शेवटी उंचीचा पांढरा खांब दिसतो. समोर रिबलचं खोरं, क्लिदरोचा किल्ला, उत्तरेला इंगलबरो आणि पेनीगेंट. पूर्वेच्या तीव्र उतारावरून पायऱ्यांनी खाली बार्लीत. सगळं मिळून साधारण १४ किलोमीटर. मुलं आणि थांबे धरून आम्हाला पूर्ण दिवस लागला, आणि तेवढा लागायलाच हवा.

गट चालवण्याबद्दल: सर्वांत हळू चालणाऱ्या आजी पुढे, त्यांच्या चालीने सगळे. शेवटी एक अनुभवी माणूस, त्याच्यामागे कोणी नाही. प्रत्येक फाटकापाशी डोकी मोजायची. फाटक जसं असेल तसं, म्हणजे बंद होतं तर बंद. आत मेंढ्या असतात.

सह्यमित्र

सुंदर लिहिलंय, ताई. सिंहगडाच्या तुलनेत कसा आहे? बाबा पुढच्या महिन्यात येताहेत. आतकरवाडीतून दर रविवारी चढणारे आहेत, पण गुडघे आता कुरकुरतात.

रानवाट

बाबांना चढ सोपा जाईल, उतार नाही. सिंहगडाचा चढ सलग आणि अंगावर येणारा. इथे तो दिवसभरात वाटला जातो. पण बार्लीकडच्या पायऱ्या उंच आणि ओल्या असतात, त्या गुडघ्यांवर येतात. दोन काठ्या द्या. नाहीतर पायऱ्या टाळून पठारावरून ऑग्डनच्या तलावांकडे उतरा, लांब पडेल पण उतार सौम्य आहे. आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे हवेत. पुण्यातले स्पोर्ट्स शूज पीटमध्ये पहिल्या दहा मिनिटांत भिजतील, मग दिवसभर पाय गार.

खडूफळा

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून एक भर घालतो. पेंडल हा आमच्या विषयाचाही डोंगर आहे.

बर्नलीजवळच्या टाउनली हॉलचे रिचर्ड टाउनली आणि हॅलिफॅक्सचे डॉक्टर हेन्री पॉवर एप्रिल १६६१ मध्ये पारा आणि काचेच्या नळ्या घेऊन पेंडलवर गेले होते. नळीत थोडी हवा कोंडलेली. पायथ्याशी तिचं आकारमान मोजायचं, पाऱ्याची उंची मोजायची, आणि माथ्यावर जाऊन पुन्हा तेच. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी झाला, पारा उतरला, कोंडलेली हवा पसरली. त्या आकड्यांतून दाब आणि आकारमान यांचं व्यस्त प्रमाण समोर आलं. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये आपले प्रयोग छापले तेव्हा ही कल्पना टाउनलींची आहे असं त्यांनी नाव घेऊन सांगितलं. आपण मात्र शाळेत फक्त बॉइलचा नियम शिकतो.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा प्रयोग आजही करावा. वेगळं काही लागत नाही. वायुदाब दाखवणारे फोन आता बऱ्याच जणांकडे असतात. मठाच्या हिरवळीवर आकडा लिहून ठेवा, खिंडीत लिहा, माथ्यावर लिहा. वॉली साधारण ५० मीटरवर आहे, म्हणजे पाचशे मीटरचा फरक. दाब सुमारे ६० हेक्टोपास्कलने घटलेला दिसेल. वेफर्सचं सीलबंद पाकीट पिशवीत ठेवलंत तर ते वर फुगलेलं दिसेल, आणि टाउनलींनी जे नळीत पाहिलं तेच मुलांना हातात धरता येईल.

बोल्टनकर

वा! आम्ही काही कुटुंबं ऑक्टोबरच्या शेवटी पेंडलला जायचं ठरवतोय. हॅलोवीन असतो, मुलांना चेटकिणींच्या टोप्या, झाडू वगैरे घालून वर न्यायचं, संध्याकाळी बॅटऱ्यांच्या उजेडात उतरायचं. कोणी असं केलंय का? वाट अंधारात सापडते का?

रानवाट

वाटेचं आधी: लहान मुलांना घेऊन अंधारात त्या पायऱ्या उतरू नका. ऑक्टोबरच्या अखेरीला घड्याळ मागे जातं, पाचच्या आत सूर्य मावळतो आणि ढग माथ्यावर केव्हा बसेल सांगता येत नाही.

आता टोप्यांबद्दल. मला हे मनापासून लागतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मार्च १६१२ मध्ये कोल्न गावाजवळ ॲलिझन डिव्हाइस नावाच्या तरुण मुलीने जॉन लॉ या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने नकार दिला. थोड्याच वेळात तो कोसळला, एक अंग लुळं पडलं, बोलता येईना. आज कोणीही त्याला पक्षाघात म्हणेल. ॲलिझनला स्वतःलाच वाटलं की आपल्या शापाने हे झालं. रीड गावचे न्यायाधीश रॉजर नॉवेल यांनी चौकशी सुरू केली आणि ती पेंडलच्या परिसरातल्या घराघरांत पसरली. तिची आजी एलिझाबेथ सदर्न्स, जिला लोक डेमडाइक म्हणत, ती म्हातारी, आंधळी बाई लँकेस्टरच्या तुरुंगातच मेली. ऑगस्टमध्ये खटला चालला. साधारण नऊ वर्षांची जेनेट डिव्हाइस हिला साक्षीला उभं केलं, स्वतःच्या आईविरुद्ध, भावाविरुद्ध, बहिणीविरुद्ध. ती दिसावी म्हणून तिला टेबलावर उभं केलं होतं. या सगळ्या प्रकरणात दहा जणांना फाशी झाली. दहांत बहुतेक बायका, बऱ्याचशा भीक मागून किंवा झाडपाल्याच्या औषधावर जगणाऱ्या.

आणि इथेच मठ येतो. खटल्याच्या कारकुनाने, थॉमस पॉट्सने, १६१३ मध्ये छापलेल्या हकिकतीत या कुटुंबाचे मंत्र दिले आहेत. वाचून पाहा. त्यांत गुड फ्रायडेचा उपास आहे, क्रूस आहे, मोडक्या लॅटिनमध्ये आमेन आहे. मठाच्या काळात जी साधी घरगुती प्रार्थना होती, तिचे हे तुकडे. पास्लूंना मारून, मठ पाडून फक्त पंचाहत्तर वर्षं झाली होती. तेवढ्यात देश कॅथलिकचा प्रोटेस्टंट झाला होता आणि आजीने नातीला शिकवलेली प्रार्थना चेटूक ठरली होती. वॉलीच्या हिरवळीवर चर्चचा पाया पाहून निघालेला माणूस हे जसं समजेल, तसं बार्लीत गाडी लावणारा समजणार नाही. मी मठापासून चाला म्हणते ते याचसाठी.

मुलांना टोप्या घालू नका असं सांगण्याचा मला अधिकार नाही. पण त्यांना जेनेटची गोष्ट आधी सांगा, त्यांच्याच वयाची होती ती.

बोल्टनकर

ताई, तुमचं म्हणणं पोचलं. तरीही विचारतो, तिथल्या गावांनीच हे सगळं अंगीकारलंय ना? न्यूचर्च गावातल्या दुकानाबाहेर चेटकिणींचे पुतळे आहेत. मँचेस्टरहून बर्नलीकडे जाणाऱ्या बसचं नावसुद्धा 'विच वे'. ज्यांच्या पूर्वजांचं हे झालं तेच टोप्या विकत असतील तर आपण सोवळं का पाळायचं?

रानवाट

रास्त प्रश्न आहे. गावांना पर्यटक हवेत, त्यात गैर नाही, आणि त्या दुकानात आम्हीही पोस्टकार्डं घेतली. पण त्याच गावांनी दुसरंही केलं आहे. खटल्याला चारशे वर्षं झाली तेव्हा, २०१२ मध्ये, रफली गावात ॲलिस नटरचा पुतळा उभा केला. फाशी झालेल्यांतली ही एक. त्या पुतळ्याला टोपी नाही, झाडू नाही. साधे कपडे घातलेली बाई, हातांत साखळदंड. त्याच वर्षी डोंगराच्या उतारावर १६१२ हा आकडा प्रचंड मोठा उमटवला होता, दुरून वाचता येईल असा. बार्लीहून रफली जवळ आहे. मुलांना दुकान दाखवाल तसा पुतळाही दाखवा, म्हणजे झालं.

सातपुडा

मी एरवी फक्त वाचतो. आज लिहितो.

माझं बालपण धडगावच्या बाजूला गेलं. आमच्याकडे डाकीण हा शब्द अजून हळू आवाजात बोलतात. गावात मूल आजारी पडलं, गुरं मेली, की एखाद्या एकट्या बाईकडे बोट जातं. बहुधा विधवा, किंवा जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी. तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. जिवानिशी गेलेल्याही आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि वर्षाअखेर कायदा आला. त्यासाठी त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं दिली होती.

जॉन लॉ कोसळला आणि पोरीवर आळ आला, हे वाचताना मला इंग्लंड आठवलं नाही, आमचा पाडा आठवला. तिथे मांत्रिक असतो, इथे न्यायाधीश होता. रानवाटताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

बोल्टनकर

सातपुडा, आता माझं मत बदललं. टोप्या घरीच राहतील. आम्ही दिवसाच जाऊ, वॉलीहून. मुलं अकरा-बारा वर्षांची आहेत, त्यांना ही गोष्ट झेपेल.

लेकॲशर

पक्षीवाली म्हणून दोन सूचना. मार्च ते जुलै या काळात मूरवर जमिनीवरच घरटी असतात: कर्ल्यू, लॅपविंग, गोल्डन प्लोव्हर. वाट सोडू नका, कुत्रा असेल तर आखूड दोरीवर ठेवा. एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला उत्तरेकडे स्थलांतर करणारे डॉटरेल पेंडलच्या माथ्यावर विसावतात. त्यांना पाहायला लांबून लोक येतात. कोणी दुर्बीण लावून स्तब्ध बसलेलं दिसलं तर लांबून वळसा घाला, मुलांना जरा आवरा.

गिरणगाव

माथ्यावरून दक्षिणेकडे बघितलंत का? हवा स्वच्छ असेल तर ब्लॅकबर्नच्या पलीकडे मूरवर एक मनोरा दिसतो, डार्वेन टॉवर. त्याबद्दल सांगतो, कारण आपण आज या माळरानांवर सुखाने फिरतो ते फुकट मिळालेलं नाही.

हे सगळे गिरण्यांचे गाव. आठवडाभर यंत्रांच्या आवाजात उभं राहायचं आणि रविवारी डोंगरावर मोकळी हवा घ्यायची, हा इथल्या कामगारांचा रिवाज. पण शिकारीसाठी जमीनदारांनी माळरानं बंद केली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये बोल्टनचे हजारो लोक बंद केलेल्या वाटेवरून विंटर हिलकडे चालत गेले. डार्वेनकरांनीही आपल्या माळरानासाठी झगडून त्याच साली हक्क मिळवला, आणि १८९८ मध्ये तो मनोरा उघडला: राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाची साठ वर्षं आणि मोकळी झालेली वाट, दोन्हींची आठवण म्हणून. मूरवर वाटेबाहेरही फिरण्याचा कायदेशीर हक्क २००० सालच्या कायद्याने आला. गटाने चालणं ही इथे नुसती हौस नव्हती.

त्याच डार्वेनमध्ये सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी येऊन राहिले. गोलमेज परिषदेला लंडनला आले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने इथल्या गिरण्यांत बेकारी वाढली होती, ती झळ बसलेल्या लोकांना भेटायला ते मुद्दाम आले. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत, हात उंचावून उभ्या आहेत, तो फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेवाले होते. त्यांच्या खात्यातल्या यंत्रांवर ओल्डहॅमच्या कंपनीचं नाव होतं, ते सांगायचे. पेंडलच्या माथ्यावर उभं राहून मी मुलीला दोन्ही बोटांनी दाखवलं: त्या बाजूला ओल्डहॅम, त्या बाजूला डार्वेन. यंत्रं इथून गेली, कापूस आपल्याकडून आला, आणि मंदी आली तेव्हा दोन्हीकडची चूल विझली.

सह्यमित्र

गिरणगाव, हे वेगळा धागा काढून लिहा, प्लीज. 'दोन्हीकडची चूल' यावर खूप लिहिता येईल तुम्हाला.

ताई, एक राहिलं. बार्लीतून परत वॉलीला कसं यायचं? आणि ढग आला तर?

रानवाट

बार्लीहून बस कमी आहेत, मोठ्या गटाने त्यांच्या भरवशावर राहू नये. आम्ही सकाळी दोन गाड्या बार्लीत ठेवल्या होत्या. संध्याकाळी चालकांना आधी वॉलीला सोडलं, मग बाकीच्यांना फेऱ्या. तोवर उरलेल्यांनी गावातल्या टीरूममध्ये बसून खाल्लं.

ढगाबद्दल: पठार सपाट आहे, वाटा फुटतात, आणि पूर्वेचा उतार एकदम सुरू होतो. फोनवर विसंबू नका. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ४१ क्रमांकाचा नकाशा आणि कंपास घ्या, आणि ते वापरता येणारा एक तरी माणूस घ्या. निक ऑफ पेंडलला पोचल्यावर माथा दिसत नसेल तर तिथूनच सॅब्डनला उतरा. तिथवरची वाट, मठ धरून, पुरेशी सुंदर आहे.

सप्टेंबरमध्ये हेदर फुललेलं असतं तेव्हा पुन्हा जायचा विचार आहे. शनिवारी, सकाळी दहाला मठाच्या वेशीपाशी. येणाऱ्यांनी इथेच सांगा, सोबत किती मुलं आणि किती ज्येष्ठ ते लिहा, म्हणजे गाड्यांचं ठरवता येईल. खडूफळा सर, तुम्ही आलात तर पारा नको, पण नळीचा प्रयोग मुलांना तुम्हीच समजावून सांगा.

खडूफळा

येतो. दोन मोठे, एक मुलगी. वेफर्सची पाकिटं माझ्याकडे.